सुई

विमानाला पंख असतात, हे माहीत होतं.
पंखाला शिवण असते, हे खोब्रागडे साहेबांनी सांगितलं
तेव्हा मी पोलक्याला कळी लावत होते.
"एक मोठं पोलकं आहे, काकी," म्हणाले,
"एकोणतीस फुटी."

बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये उभं होतं ते,
तालुक्याच्या कॉलेजपुढच्या चौथऱ्यावरून उतरवलेलं,
चाळीस वर्षं पारव्यांनी वापरलेलं.
लाकडी फासळ्या, मधे नुसती हवा.
यावर पोरं लढाई शिकली म्हणे.
मला ते जेठातल्या गाईसारखं दिसलं.

पगार कुणालाच नव्हता. रविवार होता.
रज्जाक मिस्त्री, ज्यांनी या जिनिंगचं
शेवटचं यंत्र स्वतःच्या हातानं बंद केलं,
उलट्या इंजिनाखाली आडवे.
"तेल गळून राह्यलं," मी म्हटलं.
"गळू द्या. गळनं थांबलं का समजा संपलं."
दौलत उईके, बंडीची चाकं घडवणारा,
नव्या फासळीला रंधा मारताना श्वास धरायचा.
नागपूरहून दोन पोरी यायच्या मोटरसायकलवर,
जुन्या पुस्तकातले इंच मोठ्यानं वाचायला.

मी वरून सुई घालायची,
दौलतची बायको सुगंधा खालून ती परत धाडायची.
मधे पंख. एकमेकींचं तोंड दिसायचं नाही.
अडीच इंचावर गाठ. मेणाचा दोरा.
तिचा दीर, माझे गुडघे, मेलेली म्हैस,
सगळं बोलणं त्या भोकांतून ये-जा करायचं.
रोगण पहाटे, कारण ऊन चढलं
की ते ब्रशावरच वाळायचं.
शेडभर पिकल्या केळ्यांचा वास.
कापड आवळत गेलं;
टिचकी मारली की डफासारखं बोलायचं.

साहेब रोज सुया मोजायचे.
अकराव्या दिवशी सात दिल्या, सहा आल्या.
मोजण्यात चुकलं असेल,
हे माझ्या ओठावर आलंही होतं.
सुगंधाच बोलली, पंखाआडून:
"सहाच हायेत साहेब. एक अंदर रायली असन."

साहेबांनी कात्री माझ्याच हातात दिली.
"आत तारा आहेत, काकी.
सुई कुठं अडकली ते वर गेल्यावर कळेल.
वर गेल्यावर कळून काय करायचं?"

मी माझीच शिवण उसवली.
टर्रकन आवाज झाला.
उरलासुरला पारवा उडाला.
टॉर्च, आरसा, चुंबक. सुई नव्हती.

रात्री दिव्याखाली पदर सोडला
तर ती तिथंच, काठात टोचलेली,
माझ्या चाळीस वर्षांच्या सवयीनं.

सांगितलं नसतं तर कुणाला कळलं असतं?
हे मी रात्रभर भिंतीला विचारलं.

सकाळी शेडमध्ये जाऊन मूठ उघडली.
साहेबांनी वहीत तारीख घातली, लिहिलं:
सुई क्रमांक सात. सापडली. पदरात.
खाली माझी सही घेतली.
मग म्हणाले, "चला, कापड बेता."

माघात उडालं.
लढाईच्या काळातली धावपट्टी; तिच्यातल्या बोरी
आम्ही पंधरा दिवस खणून काढल्या होत्या.
कामठीचे डिक्रूझ साहेब बसले, वय एकाहत्तर.
रज्जाकभाईंनी पातं ओढलं.
दोनदा नुसतं खोकलं.
तिसऱ्यांदा शेळ्या पळाल्या, टोप्या उडाल्या,
आणि चाकांखाली एकाएकी उजेड दिसला.

कोणी म्हणतं चार मिनिटं, कोणी म्हणतं सहा.
मी फक्त डावा पंख पाहत होते,
त्याच्यावरचा तो दुसऱ्या ताग्याचा, जरासा फिका तुकडा.
सुगंधा शेजारी उभी होती.
पहिल्यांदाच आम्ही दोघी
पंखाच्या एकाच बाजूला.

"आज सुया मोजल्या का वो?" तिनं विचारलं.

मी पदर चाचपला.